डब्यातली धामण अन् दारातला शेरू : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालात अन् व्हॉट्सअ‍ॅपवर सापाचेच प्रश्न जास्त आले, म्हणून गाई-म्हशींची पत्रं पुढच्या अंकात घेतो. पाऊस सुरू झाला की आपल्याकडं असंच होतं, बिळात पाणी शिरतं अन् साप कोठ्यात, न्हाणीत, कुटाराच्या ढिगात येतात.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. माझा पोरगा यंदा दहावीत आहे. मागच्या आठवड्यात कोठ्यातून कुटार काढताना त्याला हातभर लांबीचं धामणीचं पिल्लू भेटलं. ते त्यानं रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलं, झाकणाला भोकं पाडली अन् आता म्हणते की मी हिला पाळतो. घरी शेरू नावाचा गावठी कुत्रा आहे, एक मांजर अन् तिची तीन पिल्लं आहेत. शेरू दिवसभर डब्यापाशीच बसून राह्यते. सासूबाई वाटीत दूध ठेवतात. पोरगा मोबाईलवर दाखवते की लोक एकाच पलंगावर कुत्रा, मांजर अन् साप घेऊन बसतात. आपल्याइथं चालते का असं?
(एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, नाही चालत. पण पोरावर रागावू नका, सापाला काठी न घालता डब्यात ठेवणारं पोट्टं मला आवडलं, त्याला नीट समजावून सांगितलं तर उद्या हाच गावातले साप वाचवेल.

आधी कायद्याचं सांगतो. आपल्याकडचा कोणताही साप, बिनविषारी असला तरी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो अन् त्या कायद्यात पकडणं हे सुद्धा शिकारीतच धरतात. गारुड्यांचे खेळ याच कायद्यानं बंद झाले. म्हणजे धामण घरात पाळायची परवानगी कोणालाच नाही, तुमच्या पोराला नाही अन् मलाही नाही. मोबाईलवर जे दिसतं ते बहुतेक बाहेरच्या देशातले साप असतात, बॉल पायथन, कॉर्न स्नेक वगैरे, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. आपली धामण तशी नाही, ती रानातली आहे, तिला माणसाचा हात म्हणजे घारीचा पंजाच वाटतो.

आता त्या डब्याचं. दोनेक वर्षांपूर्वी एक जण असाच डबा माझ्या दवाखान्यात घेऊन आला, अशीच धामण, बारा दिवस डब्यात होती. झाकण काढून पाह्यलं तर तिचं थुतार पुढून घासून घासून लालभडक झालेलं, वरच्या ओठाचे दोन खवले निघालेले, रात्रभर ती त्या भोकांतून बाहेर पडायचं पाहत होती. घरचं कुत्रं डब्याला नाक लावून फुसफुस करायचं, ते धामणीला कळत नसेल असं त्या माणसाला वाटलं होतं. पण सापाची जीभ काय करते, बाहेर येऊन हवेतला वास घेऊन टाळूपाशी नेते, त्याला बसल्या जागी कळतं की बाहेर कुत्रं आहे, मांजर आहे. अन् कुत्रं हललं की जमिनीची थरथर त्याच्या जबड्याच्या हाडातून जाते. तुमचा शेरू डब्यापाशी बसतो म्हणजे त्या पिल्लाला दिवसभर वाटतं की आपल्याला खायला कोणीतरी दारात बसलंय. असा घाबरलेला साप खातच नाही, अन् जबरदस्तीनं भरवलं तर ओकून टाकतो.

दूध आजच बंद करा. सासूबाईंच्या मनातला भाव चांगला आहे पण साप दूध पचवू शकत नाही, तहानेनं तडफडत असला तर पिऊन घेतो अन् त्यातलं फुफ्फुसात गेलं की मरतो. धामणीचं पिल्लू लहान बेडूक, पाल, सरडा खातं अन् मोठी झाली की उंदीर. अन् सासूबाईंना हेही सांगा की धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते हे खोटं आहे, तिच्या दातांची रचनाच अशी आहे की तिनं आचळ धरलं तर गाय उभीच राहणार नाही. कोठ्यात ती येते ती उंदरांसाठी.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे ओळख चुकण्याची. तुमच्या पोराला धामण ओळखता आली असेल, धामणीच्या पिल्लाचे डोळे मोठे, बाहुली गोल अन् ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. पण पुढच्या वेळी? आपल्या भागात लोक परडीला, म्हणजे घोणशीला, अजगराचं पिल्लू समजून उचलतात. परडीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोकं तिकोनी अन् चिडली की कुकरची शिटी दबून वाजावी तसा आवाज करते. अन् बिनविषारी कवड्या अन् विषारी मण्यार यांच्यात तर भलेभले चुकतात. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात अन् शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं, पुढून पट्टे नसल्यासारखे अन् शेपटीकडं स्पष्ट. हे वाचायला सोपं आहे, पण रात्री बॅटरीच्या उजेडात कोठ्यात, हातात काठी अन् मागं कुत्रं भुंकत असताना नाही जमत. म्हणून पोराला एक शब्द द्यायला लावा की हातानं कोणताच साप धरणार नाही.

काय करायचं ते असं. वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे, 1926, तिथं फोन करा नाही तर तुमच्या बीटच्या वनरक्षकाला सांगा, गावाजवळ नोंदणी असलेला सर्पमित्र असेल तर त्याला बोलवा. पिल्लू जिथं भेटलं त्याच्या आसपासच, धुऱ्यावर नाही तर गावाबाहेरच्या नाल्याकाठी सोडू द्या, लांबच्या जंगलात नेऊन सोडलेले साप बरेचदा जगत नाहीत, त्यांना ना बिळं माहीत असतात ना पाण्याची जागा. ते होईपर्यंत डबा बंद खोलीत ठेवा, शेरूला अन् मांजरीला तिकडं जाऊ देऊ नका, अन् उघडून पाहू नका.

अन् पोराला म्हणा की तुला धामण सांभाळायचीच असेल तर घराभोवती सांभाळ. कोठ्यात उंदराच्या औषधाच्या वड्या टाकू नको. त्या वड्यांतलं ब्रोमाडिओलोन नावाचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो, तोच मांजर पकडते अन् तोच धामण गिळते, अन् मग दोघींच्याही अंगात रक्त गोठायचं थांबतं. तुमच्या मांजरीची तीन पिल्लं अन् ती धामण यांना वाचवायचा उपाय एकच आहे, विष न टाकणं.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, सध्या वर्क फ्रॉम होम म्हणून हिंगणघाटला घरी आलो. माझ्याकडं दोन वर्षांचा बॉल पायथन आहे, एका मित्राकडून घेतला. घरी लॅब्रॅडोर कुत्री अन् दोन मांजरी आहेत, आई-बाबा अन् आजीही आहेत. सगळे एकत्र कसे ठेवायचे? अन् साप महिनाभर काही खात नाही.
(एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर : दादा, तुझं प्रकरण वेगळं आहे कारण साप बाहेरचा आहे. पण आधी कागद पाहू. बॉल पायथन मूळचा पश्चिम अन् मध्य आफ्रिकेतला अन् तो वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस करारातल्या यादीत आहे. आपल्याकडं 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी वन्यजीव संरक्षण कायद्यात वेगळी अनुसूची आली अन् फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले, नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची, ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं जाते. मित्राकडून घेतला म्हणजे पावती, नोंद काही नसेल असं धरून चालतो, तर पहिल्यांदा वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचार अन् मित्राकडच्या कागदाची चौकशी कर. अन् काही झालं तरी, नकोसा झाला म्हणून वावरात सोडून द्यायचा नाही. तो आपल्या रानातला नाही, तो जगणार नाही अन् जगला तर आपल्या सापांना कोणता रोग देईल सांगता येत नाही.

आता एकत्र ठेवण्याचं. एकत्र नाहीच ठेवायचे. लोकांना वाटतं की साप कुत्र्याला खाईल, पण तीन-चार फुटाच्या बॉल पायथनपासून तुझ्या लॅब्रॅडोरला काही धोका नाही, धोका उलटा आहे. मांजरीचं नख सापाला लागलं तर वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं अन् आत पू होतो. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, ती चावली तर त्यानं साप जाऊ शकतो. कुत्रीनं नुसतं प्रेमानं तोंडात धरून हलवलं तरी सापाच्या बरगड्या मोडतात, अन् सापाला शंभरावर बरगड्या असतात, एक्स-रेमध्ये पाहताना जीव कासावीस होतो. मांजरीचं महिनाभराचं पिल्लू असेल तर मात्र सापाकडूनही धोका आहे, ते त्याला उंदरासारखंच दिसतं.

म्हणून सापाची खोली वेगळी अन् तिच्या दाराला कडी. काचेची पेटी असेल तर वरच्या जाळीच्या झाकणाला क्लिपा लाव अन् त्यावर मांजर बसू देऊ नको. हे मुद्दाम सांगतो, कारण दिव्याची ऊब लागते म्हणून मांजरी नेमक्या त्याच झाकणावर जाऊन झोपतात, जाळी हळूहळू खचते अन् एक दिवस आत पडते. पेटीत दोन लपायच्या जागा दे, एक गरम बाजूला अन् एक थंड बाजूला, मडक्याचा अर्धा तुकडा उलटा ठेवला तरी चालतो. साप बाहेर काढायचा असेल तेव्हा कुत्री अंगणात बांधलेली अन् मांजरी दुसऱ्या खोलीत हव्यात. मांजरीला कुरवाळून तोच हात सापाला लावायचा नाही, अन् उंदीर भरवलेला हात धुतल्याशिवाय पेटीत घालायचा नाही, वासावरून चावतो तो.

महिनाभर खात नाही, याचं एवढं टेन्शन घेऊ नको. बॉल पायथन याच्यासाठीच ओळखले जातात, घर बदललं, घाबरले, कात टाकायला आले की महिनोन् महिने खात नाहीत. वजन करून ठेव, किराणा दुकानातला छोटा काटा चालतो, दर आठवड्याला वहीत लिही. वजन झपाट्यानं घटत असेल, तोंडातून फेस येत असेल किंवा श्वास घेताना शिटी वाजत असेल तर थांबू नको, सरळ नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. पण माझा अंदाज असा की पुण्याहून हिंगणघाटचा प्रवास अन् इथली हवा हेच कारण आहे.

आपल्या हवेचं जरा सविस्तर लिहितो कारण हे पुण्याच्या लोकांना कोणी सांगत नाही. बॉल पायथनला पेटीच्या गरम बाजूला 31-32 डिग्री अन् थंड बाजूला 25-27 डिग्री लागतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या खोलीत तर सांगायलाच नको, तिथं हिटिंग दिवा बंद ठेवूनही साप भाजून निघतो. खोलीत 35 च्या पुढं जाऊ देऊ नको, वाळ्याचा कूलर लाव, त्यानं दुसरं कामही होतं, ओलावा वाढतो. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की सापाची कात अखंड न निघता तुकड्या तुकड्यानं निघते अन् डोळ्यावरचं पातळ कवच तसंच अडकून राहतं. ते चिमट्यानं ओढू नको, डोळा जाईल, ओल्या शेवाळाची एक डबी पेटीत ठेव अन् तिथं त्याला बसू दे. लाइट गेली तर थंडीच्या रात्री कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकव.

घरातला किंवा वावरातला पकडलेला उंदीर भरवू नको, त्यानं विष खाल्लेलं असू शकतं. अन् कुत्रीच्या गोचिडाचं औषध सापाच्या खोलीत फवारू नको. ढोरांच्या गोचिडासाठी जे पायरेथ्रॉइड औषध आणतो, ते सापाला तर वाईटच, पण मांजरीला त्याहून वाईट, पातळ करून लावलं तरी मांजरीला झटके येतात. दरवर्षी एक-दोन मांजरी अशा येतात, गोठ्यातलं उरलेलं औषध म्हणून लावलेलं असतं.

आजी घरात आहेत म्हणून शेवटचं एक, सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा जंतू जातो, सापाला काही होत नाही पण म्हाताऱ्या माणसांना अन् पाच वर्षांखालच्या लेकरांना मोठे जुलाब लागतात. पेटी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी धुवायची नाही, अन् हात साबणानंच.

प्रश्न : हेमलकशाला प्रकाशभाऊ आमट्यांकडं बिबटे, साप, अस्वलं सगळे होते, मग साध्या माणसानं एक साप पाळला तर काय बिघडते?
(भामरागड रोडवरचा एक वाचक)

उत्तर : भाऊ, मी पण तिथं जाऊन आलो, बिबट्याजवळ बसलेले डॉक्टर पाहून डोळ्यात पाणी येतं. पण तिथली गोष्ट वेगळी आहे. लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला अन् शिकारीत ज्यांची आई मेली अशी पिल्लं लोक तिथं आणून देऊ लागले, त्यातून ते अनाथालय उभं राह्यलं, ते परवानगीनं चालतं अन् ते जनावर घरी मजेसाठी ठेवलेलं नसतं. अन् एक गोष्ट लक्षात घ्या, स्वतः प्रकाशभाऊंनाही परड चावली होती, मरणाच्या दारातून परत आले. आयुष्यभर सापात राह्यलेल्या माणसाचं हे असेल तर तुम्ही-आम्ही कुठं.

प्रश्न : आमच्या मोत्याला मागच्या वर्षी साप चावला अन् तो गेला. आता नवीन पिल्लू आणलं. सापानं चावलं तर घरी काय करावं?
(ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : काका, मोत्याचं वाचून वाईट वाटलं. कुत्र्याचा स्वभावच असा की तो सापाला पाहून पळत नाही, नाक पुढं करतो, म्हणून त्याला थोबाडावर किंवा पुढच्या पायावर चावतो. चावला असं वाटलं की पहिलं काम, गळ्यातला पट्टा सोडा. परडीच्या चाव्यानं तोंड अन् मान फुगते अन् पट्टाच गळफास होतो. दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, हळद-मिरची काही चोळू नका. कुत्र्याला चालवू नका, पोत्यावर नाही तर चादरीत उचलून गाडीत घाला अन् निघा. निघताना डॉक्टरला फोन करून विचारा की सर्पविषाची लस आहे का, जनावरांनाही माणसाचीच लस देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही त्यात येतात, अन् नसेल तर तालुक्याच्या मेडिकलमधून वाटेत घ्या. डोस वजनावर नसतो, विषावर असतो, म्हणून लहान कुत्र्यालाही कमी देऊन भागत नाही.

एक उदाहरण सांगतो. सोयाबीन काढणीच्या दिवसात पहाटे एकांनी खाटेवर टाकून कुत्री आणली, पुढचा पाय ढोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. मी काचेच्या कोरड्या नळीत तिचं 2 मिली रक्त घेतलं, नळी खिडकीत उभी ठेवली अन् घड्याळ पाह्यलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, गोळाच धरला नव्हता. म्हणजे परड. लस दिली, सलाईन लावलं, सहा तासांनी परत रक्त घेतलं तेव्हा नळीत गोळा धरला. मालकानं हात जोडले, पण चावून दहा तास झाले होते, रात्रभर मंतर टाकणाऱ्याकडं बसले होते. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली, मूत्रपिंड गेलं, अन् ती गेली. दोन तासात आणली असती तर वाचली असती असं मला आजही वाटतं.

नाग किंवा मण्यार असेल तर सूज कमी अन् लकवा जास्त, पापण्या पडतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, मग श्वास. मण्यारीत तर चाव्याची जागाच सापडत नाही. रात्री ठणठणीत असलेलं कुत्रं पहाटे उठेना तर मण्यारीचा विचार करा.

प्रश्न : आमची मांजर साप मारून स्वयंपाकघरात आणते. तिला विष चढत नाही का?
(एक ताई, ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : चढतं ताई. मांजर चपळ असते अन् पंजानं मारते म्हणून वाचते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं 2020 मध्ये दाखवलं की सापाच्या विषानं मांजरीचं रक्त कुत्र्याच्या रक्तापेक्षा हळू बिघडतं, त्यामुळं तिला थोडा वेळ जास्त मिळतो. पण मिळतो तो वेळच, माफी नाही. तिनं आणलेला साप मेला असं समजून हात लावू नका, तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. चिमट्यानं उचलून बाहेर न्या. अन् पावसाळ्यात तिला रात्री घरात ठेवा.

प्रश्न : घराभोवती फिनाईल, लसूण, कार्बोलिक टाकल्यानं साप येत नाही का?
(ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : येतो. त्यानं साप थांबत नाही, उलट फिनाईल चाटून मांजरी आजारी पडतात. पऱ्हाट्यांचा गंज भिंतीला टेकवून ठेवू नका, वीतभर वर फळीवर रचा. न्हाणीच्या नळीला जाळी लावा. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा, मण्यार रात्रीच फिरते. अन् कुत्र्याचं जेवणाचं भांडं झोपताना उचलून घ्या, उरलेल्या भाकरीवर उंदीर येतात अन् त्यांच्या मागं तोच पाहुणा येतो.